श्वापद

'हिंस्र' या शब्दात 'त' नाही. हे वाक्य मी पस्तीस वर्षांच्या नोकरीत किती वेळा म्हटलं असेल त्याचा हिशेब नाही. फळ्यासमोर म्हटलं, पेपर तपासताना लाल शाईने लिहिलं, आणि आता निवृत्तीनंतर रोज सकाळी वर्तमानपत्राला ऐकवतो. ते काही ऐकत नाही! 'हिंस्त्र' असंच छापून येतं. सहस्रचं सहस्त्र, स्रोतचं स्त्रोत, तसंच हे. मूळ धातू 'हिंस्', त्याला 'र' लागला, झालं हिंस्र. मधे 'त' आला कुठून? 'स्त्री' लिहायची सवय हाताला लागलेली असते, तिथून घुसला असावा. आमची सौ. म्हणते, "चहा गार होतोय. तो 'त' नंतर काढा."

बरं, हा शब्द एकटा कधी येत नाही. सोबत श्वापद असतंच. 'हिंस्र श्वापदांनी भरलेले घनदाट अरण्य'. माझ्या पिढीने शाळेच्या निबंधात एकदा तरी हे अरण्य तुडवलेलं आहे. आता गंमत बघा. श्वापद म्हणजेच मांस खाणारं रानटी जनावर. त्याला पुन्हा हिंस्र म्हणायचं म्हणजे पिवळा पीतांबर झाला. पण तो पीतांबर आपण उगाच नेसलेला नाही. मराठीत श्वापद हा शब्द हळूहळू सैल पडला. रानातलं कुठलंही जनावर म्हणजे श्वापद, मग ते रानडुक्कर का असेना. शब्दाचे दात पडले म्हणून आपण त्याला 'हिंस्र' ही कवळी लावली.

हे सगळं मी आज मोठ्या ऐटीत सांगतोय. पण या शब्दाचं माझं शिक्षण फार उशिरा आणि फार वाईट तऱ्हेने झालं. ते सांगायचं बरीच वर्षं मनात होतं.

१९८४ साल. मी तेव्हा चोपडा तालुक्यातल्या एका शाळेत मराठी शिकवत होतो. उत्तरेकडच्या खिडकीतून सातपुडा दिसायचा. वर्गात निम्मी मुलं गावातली, बाकीची आसपासच्या खेड्यांतली आणि डोंगरातल्या पाड्यांवरची. पावरा, भिल्ल, तडवी. पाड्यावरची पोरं पाच-सहा किलोमीटर चालत यायची. मागच्या बाकांवर बसायची आणि विचारल्याशिवाय बोलायची नाहीत.

आठवीच्या एका धड्यात श्वापद आलं. एका मुलीने अर्थ विचारला. अर्थ मी सांगितला, पण तेवढ्यावर थांबेन तर मराठीचा बी.ए. कसला! म्हटलं, या शब्दाची फोड करू. श्व म्हणजे कुत्रा. आपद म्हणजे संकट. श्व अधिक आपद, सवर्णदीर्घ संधी, श्वापद. कुत्र्यावर संकट आणणारा तो श्वापद! ही व्युत्पत्ती मी कुठेही वाचलेली नव्हती. खडू हातात असताना सुचली आणि इतकी चपखल बसली की मीच खूष झालो. मुलांनी वहीत उतरवून घेतली.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत ती संस्कृतच्या गुरुजींना ऐकवली. ते डबा खात होते. घास गिळून शांतपणे म्हणाले, "कुठे वाचलंत हे?" मी गप्प. "श्वन् म्हणजे कुत्रा, बरोबर. पण पुढे आपद नाही, पद आहे. कुत्र्यासारखे पाय असलेला तो श्वापद." मी म्हटलं, मग तो दीर्घ आ कुठून आला? म्हणाले, "समासात असा स्वर काही ठिकाणी दीर्घ होतो. पाणिनीने त्याची सोय करून ठेवली आहे. तुम्ही काळजी करू नका." इतर दोघे-तिघे शिक्षक हसले. फार नाही, पण हसले.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी कालची चूक दुरुस्त केली. आता वाटतं, दुरुस्ती अशी केली की जणू मीच रात्रभर संशोधन करून आलो होतो. "काल लिहिलेलं खोडा. ज्यांची पावलं कुत्र्याच्या पावलांसारखी असतात ती श्वापदं. वाघ, सिंह, बिबट्या, लांडगा."

मागच्या बाकावरून एक हात वर आला. पाड्यावरचा मुलगा. वर्षभरात पहिल्यांदाच त्याचा हात वर आला होता, हे मला नंतर कळलं.

"सर, वाघाचं पाऊल कुत्र्यासारखं नाही राहत."

"म्हणजे?"

"कुत्र्याची नखं मातीत उठतात. वाघ नखं आत घेतो. त्याची उठत नाहीत."

आज मला माहीत आहे की त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. मांजराच्या कुळातली जनावरं चालताना नखं आत ओढून घेतात. वाघाचा, बिबट्याचा ठसा पाहिला तर चार बोटं आणि मागे तळव्याची मोठी गादी दिसते, नखांचे टोचे दिसत नाहीत. कुत्रा, लांडगा, कोल्हा, तरस यांची नखं आत जात नाहीत, त्यामुळे प्रत्येक बोटापुढे नखाची खूण उमटते. (मांजरकुळात चित्ता तेवढा वेगळा. त्याची नखं पुरती आत जात नाहीत आणि ठशात दिसतात. २०२२ मध्ये नामिबियातून कुनोला चित्ते आणले तेव्हा टीव्हीवर हे ऐकलं आणि मी खुर्चीतून उठलोच.) पण १९८४ साली मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला एवढंच कळत होतं की कालपासून दुसऱ्यांदा मी चुकीचा ठरतोय, आणि या वेळी तर आठवीतल्या पोराकडून.

मी म्हणालो, "हा शब्द वेदातला आहे. वेद रचणाऱ्या ऋषींना पाऊल कळत नव्हतं, आणि तुला कळतं?"

वर्ग खो खो हसला. शब्द खरंच वेदात आहे की नाही हेही मला माहीत नव्हतं. ठोकून दिलं. मग त्याची वही मागवली. त्याने 'स्वापद' लिहिलं होतं. मला हवंच होतं ते. "आधी शब्द लिहायला शीक, मग वाघाच्या नखांचं बोल. उद्या पंचवीस वेळा लिहून आण."

तो दुसऱ्या दिवशी लिहून घेऊन आला. पंचवीस वेळा, बरोबर. मी सही केली.

पुढच्या वर्षी नववी झाली आणि तो शाळेत यायचा बंद झाला. माझ्या त्या एका तासामुळे त्याने शाळा सोडली असं म्हणणं म्हणजे स्वतःला भलतंच महत्त्व देणं आहे. पाड्यावरची कितीतरी पोरं त्या वयात शाळा सोडत. पण त्याचा हात पुन्हा वर आला नाही, हेही खरं.

असो.

निवृत्त झालो २००८ मध्ये. मग वेळच वेळ. शब्दांच्या मागे लागायची खोड जुनी, ती उफाळून आली. माझं मूळ गाव शिंदखेड्याकडचं, त्यामुळे धुळ्याला येणं-जाणं असतं. धुळ्याला गेलं की राजवाडे संशोधन मंडळावरून जाताना माझी मान आपोआप लवते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आयुष्याच्या शेवटी धुळ्याला होते आणि ३१ डिसेंबर १९२६ ला तिथेच वारले. पुण्या-मुंबईच्या मंडळींना वाटतं मराठीचा सगळा विचार तिकडेच झाला. पण राजवाड्यांचं शब्दांच्या व्युत्पत्तीचं काम त्यांच्या माघारी छापलं ते आमच्या खानदेशातल्या या मंडळाने. राजवाड्यांच्या काही व्युत्पत्त्या फार धाडसी असतात, गावांच्या नि आडनावांच्या तर विचारूच नका. पण त्यांनी एक शिकवलं. शब्द जमिनीतून उकरायचा असतो, खडू हातात धरून सुचवायचा नसतो. हे मला चाळीस वर्षं आधी कळायला हवं होतं.

तर आपट्यांचा संस्कृत कोश उघडला. श्वापद म्हणजे हिंस्र पशू, आणि पुढे दुसरा अर्थ, वाघ. वाघच! मग सातवळेकरांचा अथर्ववेद मिळवला. त्यातही शब्द सापडला, ऱ्हस्व रूपात, श्वपद. म्हणजे मी ठोकून दिलेली थाप खरी निघाली. एका सूक्तात औषधी मण्याची स्तुती करताना म्हटलंय की, चालत्या गुरांत जसा बैल श्रेष्ठ, श्वपदांत जसा वाघ श्रेष्ठ, तसा तू औषधींत श्रेष्ठ.

हे वाचून मी बराच वेळ बसून राहिलो. त्या काळच्या माणसांचं घर रानाला लागून होतं. वाघाचा माग त्यांना कळत नसेल हे शक्यच नाही. त्या मुलाला जे ठाऊक होतं ते त्यांनाही ठाऊक असणारच. मग ते वाघाला कुत्र्याच्या पायाचा का म्हणतात?

त्या तुलनेतच उत्तर होतं. एका बाजूला बैल, दुसऱ्या बाजूला वाघ. बैलाला खूर असतो. गाय, म्हैस, घोडा, शेळी, हरीण, सगळी खुरांची. ती चारा खातात. आणि ज्यांना खूर नाही, ज्यांच्या पायाला बोटं आहेत, खाली मऊ गादी आहे, जी आवाज न करता चालतात, ती दुसऱ्यांना खातात. त्या जातीचं घरात वावरणारं, रोज नजरेसमोरचं जनावर कोणतं? कुत्रा. तर खूर की कुत्र्याचा पंजा, एवढाच भेद त्या शब्दाला करायचा होता. नखं उमटतात की नाही हा त्याच्या पुढचा धडा. म्हणजे वेदही बरोबर आणि तो मुलगाही बरोबर. दोघांच्या मधे उभा असलेला मास्तर तेवढा चुकला. त्याने ना पाऊल पाहिलं होतं, ना वेद.

आणि खरं सांगू का, आजच्या प्राणिशास्त्रातल्या 'मांसाहारी गण' या नावापेक्षा मला हे कुत्र्याच्या पावलाचं नाव जास्त पसंत आहे. त्या गणात अस्वलही येतं. आपलं सातपुड्यातलं अस्वल काय खातं? वाळवी, मध, बोरं, आणि उन्हाळ्यात मोहाची फुलं. मांसाहारी म्हणून त्याला सभासद करून घेतलं आणि ते बसलंय मोहाखाली! पाय बघून नाव ठेवलं असतं तर ही अडचण आली नसती.

माझा आपला एक अंदाज आहे, तो अंदाज म्हणूनच घ्या. श्वापद म्हणताना पहिल्यांदा ज्याचं पाऊल डोळ्यासमोर होतं तो लांडगा असावा. लहानपणी आमच्या शेतात साक्रीकडचे ठेलारी मेंढरं बसवायचे, खतासाठी. रात्री त्यांची कुत्री भुंकायला लागली की म्हातारा ठेलारी उठून बसे. मी विचारलं होतं, वाघाची भीती वाटते का? म्हणाला, वाघ कधीतरी येतो, लांडगा रोजचा. ज्याची गुरंमेंढरं हेच धन, त्याच्या लेखी पहिला शत्रू कुत्र्याच्याच पायांनी येतो.

या 'श्व' ने आणखी कुठे कुठे तोंड घातलंय ते पाहायला गेलं तर मजा वाटते. आपल्या बांधावर पायात घुसतो तो सराटा, म्हणजे गोखरू, त्याला संस्कृतात श्वदंष्ट्रा म्हणतात. कुत्र्याचा दात. अनवाणी चालणाऱ्याने ठेवलेलं नाव आहे, यात शंका नाही.

आणि शब्द शिकाऱ्याकडून शिकारीकडे कसा सरकतो बघा. 'मृग' घ्या. आपल्याला मृग म्हटलं की हरीण दिसतं, फार तर नक्षत्र. पण मूळ अर्थ कुठलंही रानटी जनावर. म्हणून तर सिंह मृगराज, आणि झाडावरचं माकड शाखामृग. दक्षिणेत आजही मृगम् म्हणजे साधं जनावर. राजे लोक मृगयेला जायचे ते बहुतेक हरणामागेच, म्हणून सगळ्या जनावरांचं नाव एकट्या हरणाच्या वाट्याला आलं. इंग्रजीत 'डिअर'चंही असंच झालं. जर्मनीत 'टीअर' म्हणजे अजून कुठलाही प्राणी.

पण श्वापदाची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. ती मला कोशात आधी सापडली नाही. गीरच्या जंगलात सापडली.

२०११ मध्ये आम्ही सात-आठ निवृत्त मास्तर सहलीला निघालो. जळगावहून सुरतेची गाडी, पुढे जुनागड, मग सासण गीर. उघड्या जीपमधून पहाटे जंगलात. थंडीने सगळ्यांनी मफलर गुंडाळलेले. एका वळणावर चालकाने गाडी थांबवली, हात वर केला आणि हळूच म्हणाला, "सावज. सावज बेठो छे."

मी आपला उजवीकडे बघायला लागलो. तिकडे चितळं उभी होती. आपल्या मराठी कानाला सावज म्हणजे काय? ज्याची शिकार व्हायची ते. सावज टिपलं, सावज हेरलं, सावज निसटलं. मी शेजारच्या मित्राला म्हटलं, "किती छान दिसतंय सावज." त्याने माझी मान धरून डावीकडे वळवली. वीस-पंचवीस हातांवर, पळसाखाली, आयाळवाला सिंह बसलेला.

गुजरातीत सावज म्हणजे सिंह. त्या चालकाच्या लेखी जंगलात सावज एकच, तो. आणि त्या सिंहाच्या लेखी सावज म्हणजे चितळ. दोघांपैकी मराठीत मी कोणाच्या बाजूला उभा आहे ते लक्षात आलं आणि उगाच मफलर सारखा केला.

घरी आल्यावर कोश काढले. सावज आलंय श्वापदावरूनच. श्वचा स झाला. पचा व झाला, जसा दीपचा दिवा झाला. शेवटचा ज जरा अवघड. पण अद्यचा आज होतो, विद्युतची वीज होते, म्हणजे द्यचा ज होतो. तेव्हा मधे कुठेतरी 'श्वापद्य' असं रूप बोललं गेलं असावं, हे स्पष्टीकरण मला पटतं. शब्द एकच. गुजरातेत तो जंगलाचा राजा झाला आणि तापीच्या आमच्या बाजूला येईपर्यंत बंदुकीच्या टोकावर आला. तिकडच्यांनी त्याला नजरेसमोर बसलेला पाहिला. आपल्याकडे तो शिकाऱ्यांच्या तोंडून आला असेल, आणि शिकाऱ्याला वाघ काय नि काळवीट काय, सगळंच सावज.

यानंतर सहा वर्षांनी हा शब्द आमच्या घरापर्यंत आला.

माझी मोठी बहीण चाळीसगाव तालुक्यात, गिरणेच्या बाजूला दिली आहे. २०१७ च्या पावसाळ्यानंतर त्या भागात बिबट्याने माणसं मारली. एक-दोन नव्हे. त्यात शेतात काम करणाऱ्या बायका होत्या, लेकरं होती. जळगाव जिल्ह्याला जनावर नवीन नाही. मुक्ताईनगरकडे डोलारखेडा-वढोद्याच्या जंगलात पट्टेरी वाघ आहेत आणि ते केळीच्या बागांपर्यंत येतात. पण ते माणसाच्या वाटेला सहसा जात नाहीत. हे प्रकरण वेगळं होतं. डिसेंबरमध्ये वरखेडे शिवारात शेवटी त्याला गोळी घातली. मी गेलो ते त्याच्या आधी.

गेलो होतो ताईला घेऊन यायला. भाचा पुण्याला, ती घरात एकटी. गावात चार वाजले की माणसं घराकडे वळत होती. बायका घोळक्याने कापूस वेचायला जात, एकदोन पुरुष काठ्या घेऊन बांधावर उभे. रात्री विहिरीवर मोटर चालू करायला जायची कोणाची छाती होत नव्हती, आणि वीज यायची ती नेमकी रात्री. ताईच्या ओट्यावरचं कुत्रं आठ दिवसांपूर्वी गेलं होतं. साखळी तेवढी राहिली होती.

"कुत्राले वाघ लई गया, भाऊ," ताई म्हणाली. (आमच्याकडे खेड्यात बिबट्यालाही वाघच म्हणतात.)

मला माझी ती १९८४ ची व्युत्पत्ती आठवली. कुत्र्यावर संकट आणणारा तो श्वापद. व्याकरणात सपशेल चुकीची, पण बिबट्याला ती कोणीतरी समजावून सांगितली असावी. कुत्रा हे त्याचं आवडतं खाणं. मनात हसू आलं, आणि साखळी बघून ते तिथेच विरलं.

ताई यायला तयार नव्हती. "मी नही येस. कापूस कोन येची?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गलका झाला. ताईच्या शेजारच्या शेतात हरभऱ्याला पाणी दिलेलं होतं, त्या ओल्या मातीत पावलं उमटली होती. वीस-पंचवीस माणसं जमली. पंजा केवढा, आला कुठून, गेला कुठे. मीही गेलो. चष्मा सावरून पावलापाशी उकिडवा बसलो. मला काही कळत नव्हतं, पण सत्तरीकडे झुकलेला मास्तर म्हटल्यावर लोक माझ्या तोंडाकडे बघत होते.

तेवढ्यात वनखात्याची माणसं आली. त्या दिवसांत जिल्हाभरातून माणसं तिथे लावली होती. त्यातला एक वनमजूर, केस पिकायला लागलेले, पुढे आला. त्याने वाळलेली काडी उचलली आणि पावलाच्या एकेका बोटापुढे मातीत टोचत गेला. एक, दोन, तीन, चार.

"नखं आहेत. कुत्रं आहे हे."

"एवढं मोठं कुत्रं?" कोणीतरी म्हणालं.

"गारा आहे ना. गाऱ्यात पाऊल पसरतं."

माणसं पांगायला लागली. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. चेहरा ओळखू येत नव्हता. काडी धरायची पद्धतही नाही. पण ते वाक्य मी आधी ऐकलं होतं. मी विचारलं, "तुम्ही कुठले?" त्याने पाड्याचं नाव सांगितलं आणि मग त्यानेच मला ओळखलं. "सर?" वाकून पाया पडला. चिखलाच्या हाताने शर्ट खराब होईल म्हणून हात मागे धरून नमस्कार केला.

मुलंबाळं विचारली. थोरला बारावी झालाय, भरतीची तयारी करतोय. मग तो हसून म्हणाला, "सर, तुम्ही मला श्वापद लिहायला लावलं होतं. पंचवीस वेळा. अजून चुकत नाही. पण कामाला नाही आला तो शब्द. पंचनाम्यात साहेब वन्यप्राणी लिहितात."

आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, असं वाटलं. म्हणालो, "तेव्हा तुझं बरोबर होतं."

"कशाचं, सर?"

"वाघाच्या पावलाचं. तू म्हणाला होतास, वाघाची नखं उठत नाहीत."

तो विचार करायला लागला. खरंच आठवत नव्हतं त्याला. "मी बोललो होतो असं? वर्गात?" मग मान हलवून म्हणाला, "नाही आठवत. लिहिलं ते आठवतं. घरात रॉकेल नव्हतं त्या रात्री. चुलीपाशी बसून लिहिलं होतं. माय म्हणे, काय लिहितो एकच एक?"

मला पुढे काय बोलावं सुचलं नाही. वेदात खूर आणि पंजा असा भेद आहे, गुजरातेत सावज म्हणजे सिंह, हे सगळं माझ्यापाशी तयार होतं. ते त्याला तिथे सांगणं शक्य नव्हतं. मी पुन्हा खाली बसून त्या पावलाकडे बघत राहिलो, काहीतरी करायचं म्हणून.

त्याचा फोन वाजला. दुसऱ्या शिवारात कोणाला तरी काही दिसलं होतं. जाता जाता तो ताईला म्हणाला, "मावशी, कापूस वेचताना एकट्या नका राहू. वाकलेलं माणूस त्याला जनावर वाटतं." मग दोन पावलं जाऊन परत वळला.

"सर, असं बसू नका इथे. उभे राहा."

मी गुडघ्यावर हात टेकून उभा राहिलो. तो गेला. ताई बांधावर ओटी बांधत होती.